हिरव्या लेबलाखालची सही

सोमवार, ६ फेब्रुवारी

पुन्हा त्याच गृहस्थांचा फोन! पाच दिवसांत चौथा.

"बाई, खोक्यावर तुमचं हिरवं लेबल आहे असं सून सांगते. ते मला दिसत नाही, आणि पट्टी चालत नाही. म्हणजे दोन्ही गोष्टी माझ्यासाठी ऐकीवच."

हसू आलं आणि रागही आला. चालत नाही म्हणजे काय? मी स्वतः चालवून पाहिली आहे. लेबलाखाली सही माझी आहे.

गृहस्थ जन्मापासून अंध. बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. फोनवर अजून आधी स्वतःचा नंबर सांगतात आणि मग बोलतात. त्यांनी ब्रेलपट्टी घेतली आहे. संगणकाला जोडली की पडद्यावरची ओळ बारीक खुंट्यांनी बोटांखाली उठते. संगणक चालवणाऱ्या आमच्या खुल्या, म्हणजे कुणालाही बदलता येणाऱ्या प्रणालीवर ती 'लगेच चालतं' असं आमचं लेबल म्हणतं. त्यांच्याकडे मात्र ती लाकडाच्या फळीसारखी पडून आहे म्हणे.

दुपारी कपाटातून आमची पट्टी काढली. नव्याने जोडली. टपटप टपटप — सगळ्या खुंट्या उठल्या! आता काय करावं माणसाने?

बुधवार, ८ फेब्रुवारी

दाढीला विचारलं. आमचा प्रोग्रॅमर. नाव आहे त्याला, पण दारातून आधी दाढीच आत येते. म्हणाला, "मावशी, त्यांच्याकडे जुनी आवृत्ती असणार." ऑपरेटरांना फोन करून विचारलं. आवृत्ती तीच. वायर तीच. पट्टी तीच.

दाढी म्हणाला, "मग त्यांचं काहीतरी चुकत असणार." मीही तेच म्हणाले. किती सोपं असतं हे वाक्य!

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, तुझ्यासारख्या अडाणी बाईला जमलं ते त्यांना का जमू नये?" म्हटलं तर चिडवणं, म्हटलं तर माझ्या कामाचं अचूक वर्णन. माझ्या कार्डावर 'सामान्य वापरकर्ती' असं लिहिलं आहे, पण ऑफिसात सगळे 'अडाणी खातं' म्हणतात. अकरा वर्षं हेच काम. कुणी कंपनी प्रिंटर पाठवते, कुणी कॅमेरा, कुणी वजनकाटा. मी खोकं उघडायचं, पुस्तिकेत लिहिलं आहे तेवढंच करायचं, कुणाला विचारायचं नाही. चाललं तर हिरवं लेबल — 'लगेच चालतं'. दाढीला हाक मारावी लागली तर पिवळं — 'खटपटीनंतर चालतं'. त्याच्याही हाताला यश आलं नाही तर काहीच नाही. खोक्यांवर एरवी मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींचीच नावं असतात. खुली प्रणाली वापरणाऱ्या माणसाला दुकानात उभं राहून कळावं की हे आपल्याकडे चालेल, एवढ्यासाठी ते लेबल. लोक त्याच्यावर विसंबतात.

नोकरी लागली तेव्हा हे म्हणाले होते, "प्रमाणित अडाणी! माझ्याच घरात, आणि मला पत्ता नाही!"

गुरुवार, ९ फेब्रुवारी

पट्टी बनवणाऱ्या कंपनीच्या बाईंशी बोलले. आवाज असा की लोणी लाजेल. "आमच्याकडे एकही तक्रार नाही हो." मग: "वय किती आहे त्यांचं?" मग: "कुणीतरी असतंच ना घरात मदतीला?"

फोन ठेवल्यावर मला उत्तर सुचलं. नेहमीसारखं, उशिरा.

सोमवार, १३ फेब्रुवारी

आज दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन. मी जरा तुटकच बोलले. "काका, पुस्तिकेत आहे तसंच करताय ना?" त्यांना काका म्हणायचं माझं वय राहिलेलं नाही, पण तोंडात येतं.

ते म्हणाले, "सुनेने रविवारी दोनदा वाचून दाखवली. पाठ झाली. म्हणून दाखवू?"

आणि खरोखर म्हणून दाखवली! पान एक ते पान सहा. त्यात 'ओल्या हाताने हाताळू नये' हेसुद्धा.

मग मीच विचारलं, एवढी घाई का? बोलणारा संगणक आहे ना तुमच्याकडे? पडद्यावरचं तो वाचून दाखवतो, आजवर त्यावरच चाललं आहे.

म्हणाले, "आहे ना. पण डावा कान गेला. उजवा जातो आहे. तुमचा आवाज आत्ता कुणीतरी रजईखालून बोलल्यासारखा येतो. डॉक्टर म्हणतात, वर्षअखेरपर्यंत काढेल. तोवर मला बोटांनी वाचायची सवय परत लावून घ्यायची आहे. शाळेनंतर ब्रेलला हात लावला नाही, बाई. आळस. कान होते ना."

मी काही बोललेच नाही. त्यांना वाटलं, लाइन तुटली. "हॅलो? हॅलो? आहात का?"

आहे म्हटलं. परवा तुमच्या घरी येते म्हटलं.

बुधवार, १५ फेब्रुवारी

जाऊन आले. चालली!

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सून सकाळी सातला कामावर जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर ते एकटेच. मुलगा नाही आता. तेवढंच सांगितलं त्यांनी, मी पुढे विचारलं नाही. घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. मी पर्स खुर्चीवर ठेवली तर म्हणाले, "तिथे नको, मी तिच्यावर बसेन. मग पर्स कुरकुरेल आणि तुम्ही नाही."

स्वतः चहा केला. कपात बोट न बुडवता, वाफेवरून. मी पाहतच राहिले. माझा कप ते घेऊन आले आणि सांडला तो मी.

मग पट्टी. वायर काढली, लावली, संगणक सुरू केला — आणि टपटप टपटप! त्यांनी दोन्ही हात पट्टीवर ठेवले. बोटं अशी हळू फिरली, जणू झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून. "उठल्या की हो," म्हणाले. मग लगेच चेहरा उतरला. "म्हणजे माझंच चुकत होतं."

मी म्हणाले, होतं असं कधीकधी. अगदी मोठ्या मनाने म्हणाले.

बसमध्ये बसून इतकं हलकं वाटलं. उगाच गाणं गुणगुणले, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळचं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

दहा दहा. "बाई, बंद."

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

आज मी चिडले. खरंच चिडले. "काका, माझ्यासमोर चालली. मी पुस्तिकेबाहेरचं काहीही केलं नाही. अकरा वर्षं मी हेच करते."

ते म्हणाले, "तुम्ही आलात की चालते, गेलात की बंद. बाई, तुम्ही माउस हलवलात."

"मी? मुळीच नाही!"

"माझा माउस भिंतीशी असतो. संगणकाबरोबर आला, पडून आहे. मला काय उपयोग त्याचा? बाण नेऊन कुठे ठेवायचा? तुम्ही गेल्यावर मी टेबल पुसलं. तो कीबोर्डच्या उजव्या हाताला होता."

मी पुन्हा नाही म्हणाले! शपथेवर नाही म्हणाले. आणि फोन ठेवताना माझा उजवा हात कुठे होता ते पाहिलं. माउसवर. काही काम नसताना.

सोमवार, २० फेब्रुवारी

हे लिहिताना कान गरम झाले आहेत.

सकाळी लवकर ऑफिसात गेले. पडद्यावर टॉवेल टाकला. माउस काढून खणात ठेवला. पट्टी जोडली. संगणक सुरू केला. काही नाही! एक खुंटी हलली नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा टॉवेल बाजूला केला आणि डोळे उघडे ठेवून पाहिलं — अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं म्हणायला हरकत नाही.

कोपऱ्यात एक छोटी चौकट येते. 'नवे उपकरण जोडले आहे. परवानगी द्यायची का? हो. नाही.' वीस सेकंद थांबते. कुणी उत्तर दिलं नाही तर 'नाही' समजून निघून जाते. बोलणारा आवाज तोवर सुरूही झालेला नसतो, तो ती वाचत नाही. आणि संगणक बंद करून चालू केला की दर वेळी नव्याने येते. कंपनीने पट्टी डोळस माणसांकडून तपासून घेतली असणार. माझ्यासारख्या.

मी 'हो' दाबत होते. न वाचता. डास उडवावा तसं. त्यांच्या घरीही दाबलं, आणि वर मोठ्या मनाने म्हणाले, होतं असं कधीकधी!

सुनेने रविवारी पुस्तिका वाचायला मान खाली घातली असेल, तेवढ्यात वीस सेकंद गेले.

दाढीला दाखवलं. त्याने स्वतः एकदा करून पाहिलं. मग म्हणाला, "मावशी, मीही दाबतो. सगळेच दाबतात."

म्हणून काय झालं? माझं कामच ते होतं, सगळ्यांसारखं न करण्याचं.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

जुने तपासणी-फॉर्म काढून बसले. प्रत्येक फॉर्मवर सातवा रकाना असतो: 'वापरताना पडद्यावर काही प्रश्न विचारला गेला का?' आणि माझ्या अक्षरात: नाही. नाही. नाही. नाही. नाही. दोनशे बारा फॉर्म. काय सुंदर लिहिलं आहे!

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घडवलेलं अक्षर. चार रेघांची वही, बोटावर शाईचा डाग पडला की तो लिंबाने घासायचा. तीन वर्षं हस्ताक्षराचं बक्षीस मलाच. गणिताच्या सिस्टर बाकांमधून फिरायच्या, त्यांच्या बाहीला खडूचा आणि खळीचा वास यायचा. माझ्यापाशी थांबून हळूच म्हणायच्या, "अक्षर छान आहे बाळ, पण प्रश्न वाचलास का?" रागवायच्या नाहीत कधी. मला त्या इतक्या आवडायच्या की प्रश्न वाचायचं राहूनच जायचं. त्यांच्या बुटांचा आवाज लांब गेला की चुकल्यासारखं व्हायचं.

आज असायला हव्या होत्या. कान धरला असता तरी चाललं असतं.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

सरांशी बैठक. सर म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख — मनुष्य चांगला, हयात या एका कामात घालवली. 'फुकट नव्हे, खुली' हे वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणतील. पण आज!

"अकरा वर्षांत आपण एकही हिरवं लेबल मागे घेतलेलं नाही. तीच आपली अब्रू आहे."

मी म्हणाले, चुकीचं असलं तरी?

"चुकीचं कुठे? चालते ना पट्टी? एक 'हो' तर दाबायचं. फार तर पिवळं देऊ. खटपटीनंतर चालतं."

"सर, ती खटपट पडदा दिसणाऱ्यालाच करता येते. त्याला पट्टी कशाला हवी?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग खरं कारण बाहेर आलं. अंध मुलांची एक शाळा आहे, याच महिन्याअखेर चाळीस पट्ट्या घेणार आहे. खोक्यावर हिरवं आहे म्हणून शाळेने सगळे संगणक खुल्या प्रणालीवर आणायचं ठरवलं. "इतकं मोठं कुणी आपल्याकडे कधी आलेलं नाही हो. थोडं थांबा. पुढच्या आवृत्तीत दाढी करेल दुरुस्त."

पुढची आवृत्ती ऑगस्टमध्ये! तोवर चाळीस मुलं चाळीस फळ्यांसमोर बसणार, आणि प्रत्येकाला वाटणार — माझंच चुकतंय. कंपनीच्या बाईंकडे तक्रार का जात नाही ते आता कळलं. जिला पट्टी जमत नाही ती मुलगी तक्रार करत नाही, ती गप्प बसते.

सरांना हे सगळं नीट बोलून दाखवता आलं नाही. आवाज चिरकला. त्यांना वाटलं मी रडते आहे, त्यांनी पाणी मागवलं! पाणी!

रविवार, २६ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. चिडवतील वाटलं होतं. नाही चिडवलं. भाजी निवडता निवडता म्हणाले, "सही कुणाची आहे?"

माझी.

"मग विचारतेस कुणाला?"

सोमवार, २७ फेब्रुवारी

नियमावलीत आहे: तपासणाऱ्याने सही मागे घेतली तर लेबल त्याच दिवशी रद्द. कुणाची परवानगी लागत नाही. इतक्या वर्षांत तो नियम कुणी वापरला नाही, म्हणून कुणाला आठवतही नव्हता.

अकरा वाजता पत्र लिहिलं. दोन ओळी. 'ब्रेलपट्टीची तपासणी मी डोळे उघडे ठेवून आणि प्रश्न न वाचता केली. ती ग्राह्य धरू नये.' सातव्या रकान्यात 'नाही' खोडून 'होय' केलं. सरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं. "तुम्ही माझ्याशी असं कराल वाटलं नव्हतं."

मलाही वाटलं नव्हतं.

बुधवार, १ मार्च

सगळं बिनसलं.

यादीतून लेबल गेलं. शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला, आभाराचा नाही. "आता मी मुलांना काय देऊ ते सांगा." मी काय सांगणार! कंपनीचं पत्र आलं: यापुढे आम्ही या प्रणालीसाठी काहीही तपासायला पाठवणार नाही. म्हणजे 'हो' न दाबता चालेल अशी पट्टी करण्याऐवजी त्यांनी दारच लावून घेतलं. सर माझ्याशी बोलत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात. आजची चिठ्ठी: 'जिन्यातला दिवा बंद आहे, कृपया नोंद घ्यावी.' घेतली.

आता तपासणीला बसले तर प्रत्येक चौकट वाचते. एका साध्या प्रिंटरला चार प्रश्न! दिवस गेला.

आणि ज्यांच्यापायी हे सगळं, त्यांच्याकडे फळी अजून फळीच. शिवाय आज ते दोनदा म्हणाले, "पुन्हा सांगा." मी ओरडून बोलत होते, सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं.

गुरुवार, २ मार्च

दाढीने दुरुस्ती लिहिली आहे! प्रणाली खुली आहे, कंपनीची वाट पाहायचं कारण काय, असं म्हणाला. ब्रेलपट्टी जोडली तर प्रश्नच विचारायचा नाही, एवढंच. जगभरचे लोक मिळून प्रणाली चालवतात, त्यांच्याकडे पाठवली. आणि कुठलासा एक मनुष्य अडून बसला आहे! उद्या कुणी चोर उपकरण 'मी ब्रेलपट्टी' म्हणून आत शिरेल, म्हणे. एकेचाळीस पत्रं झाली आहेत त्या वादावर. एकातही बोटांचा उल्लेख नाही.

दाढीला म्हणाले, ते भांडोत. तू आपल्या हाताने ऑपरेटरांच्या एका संगणकावर घालू शकतोस का?

"शकतो. पण लेबलात नाही बसत ते, मावशी."

चुलीत गेलं लेबल, म्हणाले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईने!

शुक्रवार, ३ मार्च

आम्ही दोघं गेलो. दाढीने तासभर काम केलं. मग मी पडद्यावर त्यांच्याच घरातला टॉवेल टाकला, माउस भिंतीशी ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. हो, मांडीखाली. माझ्या हातांवर माझा विश्वास उरलेला नाही.

ऑपरेटरांनी स्वतः वायर लावली. स्वतः बटण दाबलं. थांबलो. सून आज सुट्टी घेऊन थांबली होती, दारात उभी, ओठ दाबून.

टपटप टपटप.

बोटं गेली पट्टीवर, पडद्यावरच्या पहिल्या चित्राच्या नावावर. एक अक्षर. मागे. पुन्हा तेच अक्षर. इतक्या वर्षांनंतर ते वाचत होते, पहिलीतल्या मुलासारखे, ओठ हलवत. "क... च... रा..." मग एकदम हसले. "कचरापेटी! बाई, बत्तीस वर्षं नोकरी केली, आणि नशिबात पहिला शब्द काय, तर कचरापेटी!"

आम्ही सगळे इतके हसलो! सून हसता हसता आत निघून गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

निघताना त्यांनी दाढीला जवळ बोलावून चेहऱ्यावर हात फिरवला. "अरे बाप रे," म्हणाले.

वेग फार कमी आहे. एक ओळ वाचायला चार-पाच मिनिटं. डिसेंबरपर्यंत वेळ आहे, होईल.

सोमवार, ६ मार्च

बावन्न पत्रं. तो मनुष्य अजून अडूनच आहे. सरांची चिठ्ठी: 'जिन्यातला दिवा.' दाढीने बसवला अखेर.

मंगळवार, ७ मार्च

आज त्यांचा फोन नाही. सराव करत असतील. मुद्दाम केला नाही मीही.

गुरुवार, ९ मार्च

सकाळी त्यांचं पत्र आलं, संगणकावरून. तसंच्या तसं उतरवून ठेवते.

'बाई, मंगळवारी सकाळी उठलो तेव्हा उजवा कानही गेला होता. डॉक्टरांचा हिशेब चुकला. सून बोलत होती ते मला तिच्या श्वासावरून कळलं, शब्द कळले नाहीत. तिचा हात धरून कीबोर्डवर ठेवला. तिने लिहिलं. मला वाचायला सात मिनिटं लागली. बाबा, जेवायला चला. मग जेवलो.'